कॉलऱ्याच्या खोलीत जन्मलेले पुस्तक

इंग्लंडच्या उत्तरेकडील लीड्स शहरात १८४४च्या सुमारास दोन-तीन तरुण कामगारांनी एक बेत केला. हिवाळ्यातल्या संध्याकाळी काम सुटल्यावर एकत्र बसायचे आणि ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला शिकवायचे. वर्ग सुरू झाला तो त्यांच्यातल्याच एकाच्या घरी, राहत्या खोलीत. ऐकून आणखी पोरे येऊ लागली आणि खोली अपुरी पडली. उन्हाळा लागला तसा वर्ग बाहेर बागेत आला. तिथे फळ्यांची एक लहानशी खोपटी होती. शिकवणारा तिच्यातून गणिते घाली आणि बाकीचे दाराशी दाटी करून ती पाटीवर सोडवीत. हवा बरी असली की हे रात्री उशिरापर्यंत चाले. मध्येच पावसाची सर आली की पाटीवरची गणिते धुऊन जात आणि त्या दिवसाची शाळा तिथेच सुटे.

पुन्हा थंडी तोंडावर आली तेव्हा संख्या इतकी वाढली होती की कोणाच्याही घरात सगळे मावले नसते. आठवड्याच्या तुटपुंज्या मजुरीत भागवणाऱ्या या मुलांनी धाडस करून जागा भाड्याने घ्यायचे ठरवले. शोधता शोधता एक मोठी, कळकट खोली सापडली. कॉलऱ्याच्या साथीत तिथे तात्पुरते रुग्णालय होते. रोग अजून भिंतींना चिकटून असेल या भीतीने तिला भाडेकरू मिळत नव्हता. मुलांनी ती घेतली. दिवे लावले, चार बाक आणि एक साधे लाकडी टेबल मांडले आणि वर्ग सुरू केले. वाचन, लेखन, अंकगणित, भूगोल आणि पुढे बीजगणित-भूमितीसारखे विषय, रसायनशास्त्र, परकीय भाषासुद्धा. ज्याला थोडे येई तो त्याहून कमी येणाऱ्याला शिकवी. मुलांत काही पोक्त माणसेही होती. जमाव शंभराच्या घरात गेला तेव्हा त्यांना वाटले, आता बाहेरच्या कोणाला तरी बोलवावे. त्यांच्यातले काही जण एका माजी संपादकाकडे गेले, आपण काय करतो आहोत ते संकोचत सांगितले आणि चार शब्द बोलायला या अशी विनंती केली.

त्या संपादकाचे नाव सॅम्युअल स्माइल्स. त्या खोलीतल्या व्याख्यानांतून चौदा वर्षांनी ‘सेल्फ-हेल्प’ हे पुस्तक निघाले. यशस्वी कसे व्हावे, सवयी कशा लावाव्यात, वेळ कसा वापरावा हे सांगणारी जी पुस्तके आज प्रत्येक दुकानात दर्शनी भागात मांडलेली असतात, त्या साऱ्या प्रकाराला नाव मिळाले ते या पुस्तकावरून. यशाची पुस्तके एकट्या माणसाला उद्देशून लिहिलेली असतात, हे आपण गृहीत धरून चालतो. त्यांच्या मूळ पुरुषाची जन्मकथा मात्र शंभर माणसांनी एकमेकांना वर ओढण्याची आहे.

मताविना आणि शाळेविना

ही मुले स्वतःच शिक्षक का झाली, हे कळायला त्या काळचे इंग्लंड पाहावे लागते. १८३२ च्या सुधारणा कायद्याने मध्यमवर्गाला मताचा हक्क दिला आणि कामगाराला बाहेर ठेवले. त्या कायद्यासाठी मोर्चे काढणाऱ्यांत कामगार पुढे होते, त्यामुळे फसवणुकीची भावना खोल रुजली. १८३८ मध्ये सहा मागण्यांची सनद निघाली. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, समान मतदारसंघ या तिच्यातल्या मुख्य मागण्या होत्या. या सनदेच्या चळवळीने पुढची दहा वर्षे देश ढवळून काढला. १८४२ मध्ये मंदीने कळस गाठला. मजुरीकपातीविरुद्ध संप पेटले आणि संपकऱ्यांनी गिरण्यांच्या बॉयलरांची बुचे काढून यंत्रे थंड पाडली. लीड्समध्येही लष्कर रस्त्यावर आले.

शाळेचे हाल त्याहून वाईट होते. सर्व मुलांसाठी प्राथमिक शाळांची सोय करण्याची जबाबदारी कायद्याने घेतली गेली ती १८७० मध्ये. तोवर गरिबाच्या पोराच्या वाट्याला चर्चची रविवारची शाळा यायची, फार तर दोन-चार वर्षांचे जुजबी शिक्षण, की लगेच गिरणी. लीड्सची लोकसंख्या १८४१ मध्ये दीड लाखावर गेली होती. गटारे नव्हती, पाणी घाण होते. १८३२ च्या कॉलऱ्यात तिथे सातशेच्या आसपास माणसे दगावली होती. दुसऱ्या बाजूला हेच शहर यंत्रयुगाच्या केंद्रस्थानी होते. न्हाव्याचा धंदा करणारा आर्कराइट सूतगिरण्यांचा मालक झाला, कोळशाच्या खाणीत काम करणारा, अठराव्या वर्षापर्यंत निरक्षर असलेला जॉर्ज स्टीफन्सन आगगाडीचा कर्ता ठरला, हे या मुलांच्या बाप-आजांनी पाहिलेले होते. दारे बंद आहेत आणि तरी कोणी कोणी आत शिरले आहेत, असा तो काळ. शिकण्याची जी तहान त्या खोलीत दिसली ती या दोन्ही गोष्टींतून आली होती.

डॉक्टर, संपादक, रेल्वेचा चिटणीस

स्माइल्सचा जन्म २३ डिसेंबर १८१२ रोजी स्कॉटलंडमधल्या हॅडिंग्टन या लहान गावी झाला. अकरा भावंडे. घरचे दुकान. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारीला लागला. पुढे एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकत असताना, १८३२ मध्ये, त्याचे वडील कॉलऱ्याने गेले. आईने दुकान चालवून संसार रेटला आणि मुलाचे शिक्षण पुरे झाले. लीड्सच्या त्या ओसाड खोलीचा इतिहास ऐकताना या माणसाच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करता येते.

गावात डॉक्टरकीचा जम बसला नाही. १८३८ मध्ये तो ‘लीड्स टाइम्स’ या सुधारणावादी पत्राचा संपादक झाला. मताधिकार वाढावा, धान्यावरची जकात जावी, यासाठी त्याने हिरिरीने लिहिले. लीड्सच्या संसदीय सुधारणा संघटनेचा तो चिटणीस होता. सनदवाल्यांच्या बऱ्याचशा मागण्या त्याला मान्य होत्या. हिंसेची भाषा मात्र पटत नव्हती आणि मध्यमवर्ग व कामगार एकत्र येतील ही त्याची आशा काही वर्षांतच मावळली. मत मिळाले तरी अज्ञान, दारू आणि कर्ज यांतून माणूस आपोआप सुटणार नाही, असे त्याचे मत बनत गेले. राजकारणावरचा भर कमी होऊन तो माणसाच्या घडणीवर आला. नेमक्या या वळणावर त्या मुलांनी त्याला गाठले.

१८४५ मध्ये त्याने त्यांच्यापुढे व्याख्यान दिले. मोठ्या सिद्धान्तांची भाषा त्याने टाळली. तुमच्यासारख्याच घरांतून आलेल्या माणसांनी काय केले आणि कसे केले, ते गोष्टींतून सांगितले. सुख आणि मान पुष्कळ अंशी स्वतःच्या कष्टांवर, संयमावर आणि कर्तव्य चोख करण्यावर अवलंबून आहे, एवढाच त्याचा बोध होता. त्याच वर्षी तो लीड्स-थर्स्क रेल्वेचा चिटणीस झाला आणि पुढची वीस-एकवीस वर्षे रेल्वेच्या कचेरीत नोकरी करून उरलेल्या वेळात लिहीत राहिला.

काही वर्षांनी एका संध्याकाळी एक तरुण त्याच्या दारात उभा राहिला. अंगावर ओतशाळेतून नुकताच आल्याच्या खुणा होत्या. तो त्या खोलीतला जुना विद्यार्थी होता. आता त्याच्या हाताखाली माणसे होती, धंदा बरा चालला होता, आणि त्या वेळी ऐकलेल्या शब्दांबद्दल आभार मानायला तो आला होता. स्माइल्सने पुस्तकाच्या प्रस्तावनेत हा प्रसंग नोंदवला आहे. व्याख्यानांची टिपणे वाढवून पुस्तक करावे, ही इच्छा त्यातून पक्की झाली.

१८५९: नाकारलेले हस्तलिखित

१८५५ मध्ये हस्तलिखित रूटलेज या प्रकाशकाकडे गेले आणि परत आले. क्रिमियाचे युद्ध चालू होते, पुस्तकांचा खप पडला होता. स्माइल्सने ते ठेवून दिले आणि जॉर्ज स्टीफन्सनचे चरित्र पुरे केले. लंडनच्या जॉन मरे यांनी ते १८५७ मध्ये काढले. ते झपाट्याने खपले आणि लेखकाचे नाव झाले. मग जुने हस्तलिखित बाहेर आले. नफा निम्मा निम्मा वाटून घेऊन पुस्तक काढायला मरे तयार होते. स्माइल्सला ते पटले नाही. त्याने स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापले, हक्क स्वतःकडे ठेवले आणि मरे यांना विक्रीवर दहा टक्के दलाली दिली. स्वावलंबनावरचे पुस्तक लेखकाने स्वतःच्या जोखमीवर काढले.

‘सेल्फ-हेल्प’ नोव्हेंबर १८५९ मध्ये बाजारात आले. त्याच महिन्यात त्याच प्रकाशकाकडून चार्ल्स डार्विनचा ‘प्रजातींचा उगम’ हा ग्रंथही आला. पहिल्या वर्षात स्माइल्सच्या पुस्तकाच्या वीस हजार प्रती गेल्या. १९०४ मध्ये तो वारला तोवर एकट्या इंग्लंडमधला खप अडीच लाखांच्या पुढे गेला होता. युरोपातल्या बहुतेक मोठ्या भाषांत, तुर्की आणि अरबीत, हिंदुस्थानातल्या काही भाषांतही ते पोचले.

पुस्तकात होते काय? तेरा प्रकरणे आणि शेकडो माणसे. त्यांत चांभार, न्हावी, विणकर, कुंभार, दगडफोडे. इतिहासात तोवर राजे, सेनापती आणि धर्मगुरू यांनाच जागा होती. स्माइल्सने वाफेचे यंत्र सुधारणारा वॉट आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला फॅरडे यांना त्यांच्या शेजारी बसवले. सोळाव्या शतकातला फ्रेंच कुंभार बर्नार पालिसी याची कथा तर वाचकांच्या मनावर कोरली गेली. मातीच्या भांड्यावर चकचकीत पांढरा लुकण चढवण्याचे गुपित त्याला शोधायचे होते. वर्षानुवर्षे भट्ट्या फुकट गेल्या, पैसा संपला, गावाने वेड्यात काढले. शेवटी एकदा भट्टी पेटलेली, लुकण अजून वितळलेला नाही आणि सरपण संपले. पालिसीने बागेचे कुंपण उपटून आत घातले. पुरेना, म्हणून घरातले टेबल-खुर्च्या मोडून घातल्या. तरी पुरेना, तेव्हा भिंतीवरची फळकुटे ओढून काढली. बायकोमुले ओरडत रस्त्यावर धावली. आणि मग लुकण वितळला.

ही गोष्ट स्माइल्सने चिकाटीचा आदर्श म्हणून सांगितली. आजचा वाचक त्या बायकोमुलांचाही विचार करील. स्माइल्सच्या पानांत ती क्षणभरच दिसतात. पुस्तकात स्त्रिया जवळजवळ नाहीतच, आणि हे त्याचे मोठे उणेपण आहे.

दुसरे उणेपण मराठी वाचकाला आपल्याच भूमीवर सापडते. पुस्तक निघाले तेव्हा १८५७ च्या उठावाला दोनच वर्षे झाली होती. धैर्य आणि कर्तृत्वाच्या प्रकरणात वॉरन हेस्टिंग्ज, सिंध जिंकणारा नेपियर, उठाव मोडणारे लॉरेन्स आणि हॅवलॉक हे सगळे अनुकरणीय पुरुष म्हणून येतात. प्रामाणिकपणाच्या उदाहरणासाठी तर स्माइल्स थेट असईला येतो. सप्टेंबर १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर तहाची बोलणी सुरू असताना हैदराबादचा दिवाण गुपचूप वेलस्लीकडे आला. मराठ्यांशी होणाऱ्या तहात निजामाच्या पदरात कोणता मुलूख पडणार, हे त्याला आधी जाणून घ्यायचे होते. त्यासाठी त्याने एक लाख पौंडांहून मोठी रक्कम देऊ केली. तुम्हाला गुपित राखता येते का, असे वेलस्लीने विचारले. येते, असे दिवाण म्हणताच, मलाही येते, असे उत्तर देऊन त्याने त्याला हसत निरोप दिला.

लाच नाकारणे चांगलेच. पण ज्या मुलखाची वाटणी चालली होती तो कोणाचा, आणि हा सचोटीचा सेनापती तिथे कशासाठी आला होता, हे पुस्तक विचारत नाही. व्यक्तीचे गुण पाहायचे आणि ती ज्या व्यवस्थेत उभी आहे ती नजरेआड करायची, ही या साऱ्या वाङ्मयप्रकाराला पुढे जडलेली खोड पहिल्याच पुस्तकात अशी उघड दिसते.

लंडनहून शिझुओकाला

या पुस्तकाने सर्वांत मोठी उलथापालथ केली ती जपानमध्ये. १८६६ मध्ये तिथल्या शोगुन या लष्करी शासकाच्या राजवटीने काही तरुण विद्यार्थी शिकायला इंग्लंडला पाठवले. त्यांच्या देखरेखीसाठी गेलेला नाकामुरा मासानाओ हा पस्तिशीतला कन्फ्यूशियसपंथी पंडित होता, सरकारी विद्यालयात अध्यापक. ही मंडळी लंडनमध्ये असतानाच इकडे १८६८ मध्ये शोगुनची सत्ता कोसळली. ज्या सरकारने पाठवले तेच उरले नाही. परत निघताना एका इंग्रज मित्राने नाकामुराला ‘सेल्फ-हेल्प’ची प्रत भेट दिली. बोटीवरच्या दीर्घ प्रवासात तो ती पुनःपुन्हा वाचत राहिला. इंग्लंड एवढे बलाढ्य का झाले, याचे उत्तर त्याला त्या पानांत दिसले.

पदच्युत शोगुनचे घराणे शिझुओकाला हलले होते. त्यांच्यामागे हजारो सामुराई कुटुंबे तिथे गेली. त्यांचे उत्पन्न आणि काम गेले होते, मानही गेला होता. नाकामुरा तिथल्या शाळेत शिकवू लागला आणि रात्री भाषांतर करू लागला. १८७१ मध्ये ते ‘साइगोकु रिश्शी हेन’ या नावाने अकरा भागांत निघाले. पश्चिमेकडील देशांतल्या ध्येयनिष्ठ माणसांच्या कथा, असा त्या नावाचा आशय. तलवारी आणि तोफांची पुस्तके सोडून हे का, असा आक्षेप येणार हे ओळखून त्याने प्रस्तावनेतच उत्तर दिले होते. राष्ट्राचे बळ सैन्यात नसून लोकांच्या शीलात आणि कष्टांत असते, असा त्याचा युक्तिवाद होता.

वेळ अचूक साधली गेली. जन्मावर आधारलेली जुनी श्रेणीव्यवस्था नवे मेइजी सरकार मोडीत काढत होते. १८७२ च्या शिक्षणविषयक आदेशाने शिक्षण सर्वांसाठी खुले केले आणि हे पुस्तक शाळांतून शिकवले जाऊ लागले. त्याच वर्षी क्योटोत त्यातल्या कथांवर काबुकी नाटके झाली. पालिसी कुंभार जपानी रंगभूमीवर आपले घर भट्टीत घालू लागला. मेइजी काळाच्या अखेरपर्यंत पुस्तकाच्या दहा लाख प्रती खपल्या असे मानले जाते. नाकामुराने लगोलग जॉन स्टुअर्ट मिलच्या ‘स्वातंत्र्याविषयी’ या ग्रंथाचेही भाषांतर केले. माणसाने स्वतःच्या पायावर उभे राहावे आणि त्याला बोलण्या-विचारण्याचे स्वातंत्र्य असावे, या दोन गोष्टी त्याच्या लेखी एकत्रच यायला हव्या होत्या.

शिझुओकापासून फार दूर नसलेल्या यामागुची या खेड्यात एका सुताराचा मुलगा हे भाषांतर वाचून भारावला. त्याचे नाव साकिची टोयोडा, जन्म १८६७. पुस्तकात हातमाग आणि सूतयंत्रे सुधारणाऱ्या हारग्रीव्हज, क्रॉम्प्टन, जकार्ड यांच्या कथा होत्या आणि त्याच्या गावात बायका घरोघरी हातमागावर विणत होत्या. १८८५ मध्ये जपानात पेटंटचा कायदा आला. शोधाला किंमत मिळू शकते, हे त्या पोराला कळले. आई ज्या मागावर राबते तो सुधारायचा, असे त्याने मनावर घेतले. १८९१ मध्ये त्याला सुधारित लाकडी हातमागाचे पहिले पेटंट मिळाले. पुढे त्याने धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनवला. १९२४ मध्ये त्याचा परिपूर्ण स्वयंचलित माग तयार झाला आणि १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने त्याचे हक्क घेण्यासाठी एक लाख पौंडांचा करार केला. लँकेशायरच्या यंत्रकारांच्या कथा वाचून वाढलेल्या माणसाचे यंत्र लँकेशायरने विकत घेतले. साकिचीचा मुलगा किइचिरो याने मोटारींचा उद्योग उभारला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली. साकिचीच्या जन्मगावच्या स्मारकात ‘सेल्फ-हेल्प’ची प्रत काचेच्या पेटीत ठेवलेली आहे.

एका पुस्तकाने टोयोटा उभी केली, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. शाळा, पेटंटचा कायदा, औद्योगिक प्रदर्शने, रेल्वे आणि बाजार हे सारे जपानी राज्याने त्याच वीस वर्षांत उभे केले. पुस्तकाने इच्छा जागवली आणि व्यवस्थेने तिला वाट दिली. यांतले एक नसते तर दुसरे फुकट गेले असते.

अमेरिकेतले वळण

अटलांटिकच्या पलीकडे न्यू हॅम्पशरमध्ये ओरिसन स्वेट मार्डेन नावाचा अनाथ मुलगा घरोघरी राबून वाढत होता. एका घराच्या माळ्यावर त्याला स्माइल्सचे पुस्तक सापडले. पुढे तो शिकला, हॉटेलांच्या धंद्यात शिरला, आणि अमेरिकेचा स्माइल्स व्हायचे त्याने ठरवले. त्याचे ‘पुशिंग टू द फ्रंट’ १८९४ मध्ये आले आणि १८९७ मध्ये त्याने ‘सक्सेस’ नावाचे मासिक काढले. इथपर्यंत सूर स्माइल्सचाच होता, कष्ट, काटकसर, चिकाटी. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यात वेगळे पाणी मिसळले. मनात जे धरावे ते प्रत्यक्षात येते, असे मानणारा एक पंथ अमेरिकेत जोरात होता आणि मार्डेनही त्याच्याकडे झुकला.

कामाची जागाही बदलत होती. कारखान्यांबरोबर मोठ्या कचेऱ्या आणि विक्रेत्यांच्या फौजा उभ्या राहिल्या. तिथे यंत्राच्या ज्ञानापेक्षा माणसे जिंकण्याला भाव आला. डेल कार्नेगीने १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या वायएमसीएमध्ये नोकरदारांसाठी भाषणकलेचे रात्रीचे वर्ग सुरू केले. त्या वर्गाला बसलेल्या एका प्रकाशनसंस्थेच्या अधिकाऱ्याने त्याची व्याख्याने उतरवून घ्यायला लावली आणि १९३६ मध्ये माणसे जोडण्याच्या कलेवरचे त्याचे जगप्रसिद्ध पुस्तक निघाले. पुढच्याच वर्षी नेपोलियन हिलचे ‘थिंक अँड ग्रो रिच’ आले. महामंदीने लाखोंना बेकार केले होते आणि धीर देणाऱ्या शब्दांना मोठी मागणी होती. अमेरिकन इतिहासकार वॉरन ससमन यांनी या बदलाचे मर्म सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकातली अशी पुस्तके शील घडवायला सांगत, विसाव्या शतकातली छाप पाडायला शिकवू लागली.

आज मराठीत भाषांतरित होऊन हातोहात खपणाऱ्या पुस्तकांचे कूळ मुख्यतः या अमेरिकन शाखेचे आहे.

काय मिळाले, काय गमावले

या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा तर जमेची बाजू मोठी आहे. हाताने काम करणाऱ्या माणसाला स्माइल्सने चरित्राचा नायक केले. कुळावर आणि जन्मावर उभ्या समाजांत, मग तो इंग्लंडचा असो वा जपानचा, ही क्रांतीच होती. ज्याच्या घरात पुस्तक नव्हते अशा मुलाला, तूही शिकू शकतोस, हे कोणीतरी छापील अक्षरात सांगणे किती मोलाचे असते, हे अशा घरातून आलेल्यांना वेगळे सांगायला नको.

वजाबाकीही तितकीच खरी आहे. जो वर चढला तो स्वतःच्या गुणांनी, असे म्हटले की जो खाली राहिला तो स्वतःच्या दोषांनी, हे वाक्य आपोआप तयार होते. गिरणीमालकांना आणि राज्यकर्त्यांना ते सोयीचे होते. रॉबर्ट ट्रेसेल या रंगकाम करणाऱ्या कामगाराने आपल्या कादंबरीत ‘सेल्फ-हेल्प’वर जळजळीत टीका केली. ती कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर १९१४ मध्ये छापली गेली. दिवसभर राबून उपाशी राहणाऱ्याला काटकसर शिकवणे ही थट्टा आहे, हे त्याने अनुभवाने लिहिले होते. उलट, १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये थॅचरबाईंचे राज्य असताना त्यांचे विचारवंत सहकारी कीथ जोसेफ यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकाची संक्षिप्त आवृत्ती निघाली. सरकारने अंग काढून घेण्याच्या धोरणाला तेव्हा जुना पूर्वज हवा होता.

स्माइल्सवर मात्र यात अन्याय झाला. १८६६ च्या आवृत्तीतच त्याने खुलासा केला होता की नावामुळे हे स्वार्थाचे स्तोत्र वाटते, प्रत्यक्षात त्याचा उद्देश उलटा आहे, आणि स्वतःला मदत करण्याच्या कर्तव्यात शेजाऱ्याची मदत आलीच. १८४९ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांविषयी नेमलेल्या संसदीय समितीपुढे त्याने साक्ष दिली होती आणि पुढच्याच वर्षी ग्रंथालयांचा कायदा झाला. १८७१ मध्ये अर्धांगवायूचा झटका आल्यावर तो वाचायला-लिहायला नव्याने शिकला आणि १८७५ मध्ये काटकसरीवरचे पुस्तक लिहिले. गटारे तुंबतात, साथी येतात, माणसे मरतात आणि जबाबदार कोण विचारले की कोणीच नाही असे उत्तर मिळते, याची चीड त्यात धगधगते. बाप कॉलऱ्यात गमावलेला मुलगाच ते लिहू शकत होता. स्वच्छ पाणी एकट्याच्या चिकाटीने मिळत नाही, हे त्याला पक्के माहीत होते.

पुढच्या लेखकांनी त्याच्या गोष्टी उचलल्या, उत्साह उचलला, आणि एकमेकांना शिकवणारा तो जमाव मागे सोडला. उरला तो आरशासमोर उभा एकटा वाचक, ज्याला यश मिळाले नाही तर दोष द्यायला स्वतःवाचून कोणीच नसते. इतिहासाने दिलेला दाखला याच्या अगदी उलट आहे. लीड्सची पोरे, शिझुओकाचे बेकार सामुराई, न्यूयॉर्कच्या रात्रीच्या वर्गातले विक्रेते, जिथे जिथे या पुस्तकांनी खरोखर कोणाचे आयुष्य बदलले तिथे पुस्तकाच्या भोवती वर्ग होता, शाळा होती, कायदा होता, सोबत होती.

म्हणून यशाचे पुढचे पुस्तक विकत घ्याल तेव्हा ते जरूर वाचा, आणि वाचताना दोन गोष्टी तपासा. ज्या माणसाची गोष्ट ते सांगते आहे त्याला कोणी शिकवले, कोणी भाकरी दिली, कोणत्या कायद्याने वाट करून दिली, याचा त्यात उल्लेख आहे का? आणि वाचून झाल्यावर दुसऱ्या कोणासाठी काही करावेसे तुम्हाला वाटते का? दोन्ही प्रश्नांना उत्तर नाही असे आले, तर खप कितीही मोठा असो, ते पुस्तक अपुरे आहे. ते बाजूला ठेवा, आणि आपल्याला जे चांगले येते ते शिकायला उत्सुक असलेली चार माणसे आपल्या गल्लीत, कारखान्यात, वसतिगृहात शोधा.